शोभेची कोळंबी

कोळंबी म्हटली की आपल्याला बाजारातली पाटी आठवते, नाहीतर पावसाळ्यासाठी वाळवून ठेवलेले सोडे नि जवळा. पण आज मी ज्या कोळंबीविषयी बोलणार आहे, ती कालवणात घालायची नव्हे. ती काचेच्या पेटीत पाळतात, आणि तीही केवळ पाहण्यासाठी!

उष्ण समुद्रातल्या प्रवाळखडकांत हिच्या अनेक जाती नांदतात. एक आहे सफाईवाली. अंग तांबडे, पाठीवर पांढरा पट्टा. मोठाले मासे तिच्यापुढे येऊन स्तब्ध राहतात, आणि ही त्यांच्या अंगावरचे, अगदी तोंडातलेसुद्धा, परोपजीवी किडे वेचून खाते. न्हाव्यापुढे गिऱ्हाइकाने मान द्यावी, तसाच हा प्रकार! दुसरी जात बोटाच्या पेराहूनही लहान. ती समुद्रफुलाच्या आश्रयाने राहते आणि शेपूट वर उचलून डुलत चालते.

हे जीव घरी पाळायचे, तर आधी पाणी पाळावे लागते. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. पेटीतले पाणी उडून जाते, पण मीठ मागेच राहते. म्हणून ही घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने, खाऱ्याने नव्हे. मिठागराचा धडा शिकवणाऱ्या गुरुजींना याचे कारण सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट धीराची. प्राण्यांच्या मलातून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आपल्या शेतातल्या मातीतही असेच जंतू काम करीत असतात. पेटीत त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना लागतो. विरजण लागण्याआधी दही कुठून मिळणार? तोवर कोळंबी आणायची नाही. आणल्यावरही तिला एकदम पेटीत सोडू नये. पेटीतले पाणी थेंबथेंब तिच्या पाण्यात मिसळून सवय करावी.

तिसरी गोष्ट औषधाची. माशांच्या काही औषधांत तांबे असते. माशाला ते बेताने सोसते, कोळंबीला मात्र ते विषच. मोरचूद हाताळणाऱ्या बागायतदारांना तांब्याचा हा गुण ठाऊक आहे.

आणि एखाद्या सकाळी तळाशी कोळंबीचे रिकामे कवच दिसले, तर मेली म्हणून हळहळू नका, बरं का. तिने कात टाकलेली असते. नवे कवच कठीण होईपर्यंत बिचारी कपारीत दडून बसते.

आता खरा प्रश्न असा की, ही कोळंबी येते कुठून? पुष्कळशी समुद्रातून पकडूनच आणतात. पेटीत मादी पोटाखाली अंडी धरते खरी, पण त्यांतून निघणारी पिले पाण्यात तरंगत वाढतात, आणि सफाईवालीच्या पिलांना तर वाढायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून पैदास अवघड. पण ती अशक्य नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर सरकारी मत्स्यशास्त्रज्ञांनी शोभेच्या छोट्या कोळंब्यांची पैदास साधली आणि ती वाढवण्याचे शिक्षण तिथल्या स्त्रियांना दिले. प्रवाळाला धक्का न लावता बेटावरच्या घरांत चार पैसे यावेत, हा त्यामागचा हेतू.

प्रवाळाची गोष्ट तर कायद्याचीच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात खडक बांधणारे प्रवाळ २००१ साली घातले गेले. तेव्हा समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा होय. पेटीत साधे दगड रचा. कोळंबीला कपार मिळाली की पुरे.

किनाऱ्यावरच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ओहोटीला मुलांना खडकांतल्या डबक्यांपाशी न्या, आणि तिथली कोळंबी तिथेच पाहू द्या. पेटी सर्वांना परवडणार नाही. ही डबकी मात्र फुकट आहेत. पाहून झाल्यावर उचललेला दगड होता तसा पालथा ठेवायला मुलांना शिकवा. त्याखाली कुणाचे तरी घर असते.