नागीण आणि तिचें विषाणुकुळ

घोड नदीच्या कांठीं इनामगांवीं १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं उत्खनन करून इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील वस्ती उजेडांत आणली. घरांच्या जमिनींत पुरलेलीं हाडें त्या लोकांच्या आहाराविषयीं पुष्कळ सांगतात. परंतु कातडींत व मज्जातंतूंत वावरणाऱ्या विषाणूंची खूण हाडांवर उमटत नाहीं. असे विषाणु मात्र मनुष्याची सोबत फार पुरातन काळापासून करीत आले आहेत. 'हर्पीस' हें त्यांतील एका कुळाचें नांव.

तापानंतर ओठांवर उठणारे फोड, कांजिण्या आणि नागीण हे सर्व याच कुळाचे विकार. यांचा विशेष हा कीं, एकदां शरीरांत शिरलेला विषाणु पुढें जन्मभर तेथेंच निद्रिस्त राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१६ सालीं ५० वर्षांखालील ६७ टक्के माणसांच्या अंगीं पहिल्या प्रकारचा साधा हर्पीस होता. अर्थात् ज्यास एच.आय.व्ही. नाहीं, तोहि यांतून बहुधा सुटत नाहीं.

मग भेद कोठें? भेद पहाऱ्यांत आहे. निरोगी माणसाच्या रक्तांतील रक्षक पेशी या विषाणूंस दाबून ठेवतात, एच.आय.व्ही. नेमक्या त्याच पेशींचा नाश करतो. त्यामुळें नागीण ऐन तारुण्यांत व पुनःपुन्हां उठते, गुह्यांगावरील व्रण लवकर भरत नाहींत, आणि प्रतिकारशक्ति फारच खालावल्यास याच कुळांतील सायटोमेगॅलो विषाणु दृष्टीहि हिरावून नेतो.

उलट दिशेनेंहि धोका आहे. पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते २००० या वर्षांत एच.आय.व्ही. नसलेल्या २,७३२ जणांची पाहणी झाली. त्यांपैकीं ४३ टक्क्यांस दुसऱ्या प्रकारचा हर्पीस आधींच जडलेला होता. आणि तो नुकताच जडलेल्यांस पुढें एच.आय.व्ही. होण्याचा संभव कितीतरी अधिक आढळला. व्रण हें त्या रोगास उघडें दार होय.

नागिणीचें तोंड व शेपूट कमरेभोवतीं जुळलें कीं रोगी दगावतो, अशी खेड्यापाड्यांत समजूत आहे. वस्तुतः ती एका मज्जातंतूच्या वाटेनें, बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठते. मंत्र व लेप यांत दिवस दवडूं नयेत. योग्य औषध पहिल्या तीन दिवसांत मिळाल्यास गुण चांगला येतो. नागीण म्हणजे एच.आय.व्ही. नव्हे, तथापि तरुणास ती उठल्यास तपासणी करून घेण्यांत शहाणपण आहे, लाज नाहीं. एच.आय.व्ही.वरील औषधें २००४ पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. तीं नियमानें घेतल्यास ढासळलेला पहारा पुन्हां उभा राहतो.