रिकाम्या खाटेचा हिशेब



8 जुलै 1992 च्या संध्याकाळी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर शेतमजूर समितीचा एक सभासद आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार बसून मेंदूत रक्तस्राव झाला. प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याला पुढे पाठविले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत लावले; कोणाकडे खाट नव्हती, कोणाकडे सोय नव्हती. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे 17,000 रुपये मोजून तो वाचला. 6 मे 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अनुच्छेद 21 चा भंग ठरविला, 25,000 रुपये भरपाई देवविली आणि पैशाच्या चणचणीची सबब शासनाला सांगता येणार नाही, असे बजावले.

निकाल थोर खरा, पण निकालाने खाटा वाढत नाहीत.

अपघात विभागातील गर्दीचे खापर बहुधा रोग्यांवर फोडले जाते. किरकोळ तापासाठी लोक रात्री येतात, ही तक्रार खोटी नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत यायचे तर मजुराचा रोज बुडतो, हे मात्र तक्रार करणारे सांगत नाहीत. शिवाय तापाचा रोगी गोळ्या घेऊन परततो. स्ट्रेचर अडून राहते ते ज्याला दाखल करण्याचे ठरले पण वरच्या वॉर्डात जागा नाही, त्याच्यापाशी. गर्दी दारात दिसते. तुंबलेले असते ते आत.

इंग्लंडचा दाखला बोलका आहे. तेथे उपचार मोफत आहेत. 2004 पासून अपघात विभागातील रोग्याचा चार तासांत निकाल लावण्याचा दंडक आला. पण 1987-88 मधील सुमारे तीन लाख खाटा 2019-20 पर्यंत निम्म्याहून कमी झाल्या. मनोरुग्णालये बंद झाली, रुग्णालयातील मुक्काम घटला, ही कारणे मान्य. तरीही कात्री फार खोल गेली. 95 टक्क्यांचे उद्दिष्ट जुलै 2015 नंतर तेथे गाठले गेलेले नाही. डिसेंबर 2022 या एका महिन्यात दाखल करण्याचे ठरल्यावरही 54,000 हून अधिक रोगी बारा तासांपेक्षा जास्त ताटकळले.

रोगी सरासरीने येत नाहीत. म्हणून काही खाटा रिकाम्या राहणे ही उधळपट्टी नसून तीच सेवा आहे. बंब उभा आहे म्हणून कोणती नगरपालिका तो विकते? बाजार मात्र अशी खाट गरिबासाठी राखून ठेवणार नाही. तिचे भाडे त्याच्याकडून वसूल होत नाही.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हजार लोकांमागे दोन खाटा आणि 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च, असे लक्ष्य ठेवले. खर्चाचे ते लक्ष्य चुकले. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. ती रोग्याला दारापर्यंत आणते, खाटेपर्यंत नव्हे.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चार आकडे विचारावेत: मंजूर खाटा किती, चालू किती, रात्रपाळीला परिचारिका किती आणि गेल्या महिन्यात जिल्ह्याला किती रोगी धाडले. अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी ते आमदाराच्या हाती पडले पाहिजेत.