कोट ठेवायचा कसा आणि द्यायचा कधी
(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेलं भाषण)



कार्यकारिणीनं आम्हा दोघांना सांगितलं, "जेवणाआधी दहा मिनिटं काहीतरी उपयोगी बोला." आता स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत असताना कोण काय ऐकणार! म्हणून विषय असा निवडलाय, की तो तुमच्या प्रत्येकाच्या तळघरात या क्षणी पडून आहे. थंडीचे कपडे. ते नीट कसे ठेवायचे, एवढंच सांगायचंय. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे, आणि ज्यांच्यासमोर ती द्यायची, ते काका पहिल्याच रांगेत बसलेत.

जानेवारी १९९९. शिकागोत नववर्षाच्या दिवशी सुरू झालेल्या हिमवादळानं २१ इंचांहून जास्त बर्फ टाकला होता. त्यानंतर दोनच आठवड्यांनी आम्ही पुण्याहून येऊन ओहेअर विमानतळावर उतरलो. अंगावर लक्ष्मी रोडवर घेतलेले स्वेटर. आम्ही त्यांना 'चांगले जाड' समजत होतो! मंडळाच्या यादीवरून आमचा फोन गेला होता, म्हणून काका घ्यायला आले होते. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी हातावरचे दोन लोकरी कोट आमच्या अंगावर घातले. पुढे पगार झाल्यावर आम्ही ते परत करायला गेलो, तर म्हणाले, "मला नकोत. मलाही असेच कोणीतरी दिले होते. पुढे जो येईल त्याला द्या."

मंडळी, आम्ही ते दिले नाहीत. मुद्दाम नव्हे हो! नवे कोट घेतले, घर घेतलं, मुलगी झाली. ते दोन कोट एका प्लास्टिकच्या खोक्यात गेले आणि खोकं तळघरात गेलं. बाहीवर आमटीचा डाग होता, तो तसाच. 'देऊ कधीतरी', हे मनात पक्कं होतं.

तो 'कधीतरी' उजाडला जानेवारी २०१९ मध्ये. सांगलीचा एक मुलगा शिकायला आला होता. ३० तारखेला इथं पारा उणे २३ फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण उणे ३१ सेल्सिअसवर गेला होता, ते तुम्हाला आठवत असेलच. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "काकू, एखादा जास्तीचा कोट आहे का?" आम्ही अभिमानानं खाली गेलो, खोकं उघडलं, कोट उजेडात धरला, आणि पाठीतून पलीकडचा दिवा दिसला! दोन्ही कोटांना कसर लागली होती. त्या मुलाला आमच्यातल्या एकाचं स्कीचं जॅकेट दिलं, वेळ निभावली. पण काका, तुम्ही सोपवलेलं आमच्याकडून पुढे गेलं नाही. आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

तेव्हापासून आम्ही हा विषय मनावर घेतला. आम्ही काय शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे, मळका कपडा कधीही ठेवायचा नाही. उडणारा पतंग कपडे खात नाही, खाते ती त्याची अळी. तिला लोकर, रेशीम, पिसं असं प्राण्यांपासून आलेलं काहीही चालतं, आणि त्यावर घाम किंवा आमटी असली की तिची चंगळच. डोळ्यांना न दिसणारे डागही तिला पुरतात. म्हणून एप्रिल-मे मध्ये लोकरीचे कपडे धुऊन किंवा ड्रायक्लीन करूनच आत जायला हवेत. आणि धुण्याआधी खिसे बघा. आमच्या खिशांतून मेट्राची जुनी तिकिटं, सुपारीची चुरगळलेली पुडी आणि एकदा वीस डॉलर निघाले. ते आजच्या पाकिटात घातलेत.

दुसरं, डांबराच्या गोळ्या. आपल्या आया ट्रंकेत टाकायच्या, म्हणून आपणही टाकतो. पण त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ श्वासावाटे अंगात जाते. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आपल्या भारतीय कुटुंबांतही असतं. अशा बाळाला गोळ्यांतले कपडे घातले तर तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर त्या गोळ्या नकोतच.

मग कसर मारायची कशी? इथं आपल्याकडे घरोघरी फ्रीझर आहे की! शंका असलेला स्वेटर कोरडा करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि आठवडाभर शून्य फॅरनहाइटच्या फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवलेल्या मटारशेजारी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव पिशवीवर बसेल, लोकरीवर नाही.

तिसरं, सगळं एकाच पद्धतीनं ठेवायचं नसतं. लोकरीचे कपडे जुन्या सुती साडीत किंवा चादरीत गुंडाळून मग झाकणाच्या खोक्यात ठेवावेत. पिसांची जॅकेटं हवा काढायच्या पिशवीत महिनोन्‌महिने दाबून ठेवू नयेत. पिसं चेपतात, आणि ऊब असते ती पिसांमध्ये अडकलेल्या हवेची. ती सैल टांगावीत. बुटांवरचे मिठाचे पांढरे डाग पाणी आणि थोडं व्हिनेगर लावलेल्या फडक्यानं पुसावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. हातमोजे जोडीनं कपड्याच्या चिमट्यात अडकवले तर डिसेंबरमध्ये 'दुसरा कुठाय?' हे भांडण होत नाही. आणि खोकी तळघराच्या जमिनीवर टेकवू नका. उन्हाळ्यात इथली तळघरं दमट होतात, म्हणून फळीवर ठेवा. बाहेर चिठ्ठी लावा : कोणाचं, कोणत्या मापाचं, कोणत्या साली ठेवलं.

ते साल महत्त्वाचं आहे. कारण चौथी गोष्ट त्यावरच ठरते. दोन हिवाळे जे खोक्याबाहेर आलं नाही, ते आपलं नाही.

हे बोलायला सोपं आहे. आमच्या घरी एक मरून रंगाचा कोट होता, आमच्यातल्या एकाच्या आईचा, म्हणजे दुसरीच्या सासूबाईंचा. आमच्या मुलीच्या वेळी, २००४ च्या नोव्हेंबरमध्ये, त्या आल्या तेव्हा घेतला होता. सहावारी साडी, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट, वर तो कोट! बाबागाडी ढकलत शेजारच्या गल्लीपर्यंत जायच्या. २०१५ साली त्या गेल्या. कोट धुऊन, साडीत गुंडाळून, अगदी आत्ता सांगितला तसा नीट ठेवला होता. गेल्या ऑक्टोबरमध्ये लेक सुट्टीला घरी आली, चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "हा कोणासाठी ठेवलाय?" आम्हा दोघांनाही उत्तर देता येईना.

आईंनी विणलेला मफलर आम्ही ठेवून घेतला. कोट निवारा केंद्राच्या खोक्यात गेला. तो कोणाच्या अंगावर आहे, आम्हाला माहीत नाही. पण पाठीतून दिवा दिसत नव्हता, एवढं नक्की.

आता मुद्द्यावर येतो. आजच्या तिकिटांचे आणि पाकिटांतले पैसे त्याच निवारा केंद्राला जाणार आहेत. त्याशिवाय दारापाशी तीन मोठी खोकी ठेवली आहेत. त्यात कोट टाकताना चार गोष्टी बघा : धुतलेला आहे ना, चेन लागते ना, बटणं आहेत ना, आणि खिसे रिकामे आहेत ना. पुरुषांची मोठी मापं, नवे मोजे आणि हातमोजे विसरू नका. आपण बायकामुलांचे कपडे भरपूर देतो, ही मापं कमी पडतात. आणि द्यायचं ते ऑक्टोबरमध्ये द्या. जानेवारीत आपल्याला आठवण होते तेव्हा ज्याला थंडी वाजायची, त्याला ती दोन महिने वाजून झालेली असते.

आणखी एक. मंडळाच्या यादीतून कोणा नव्या माणसाचा फोन आला तर विमानतळावर जाताना एक कोट हातावर घेऊन जा. तो परत करायला आला, तर काय म्हणायचं ते काकांनी सांगून ठेवलंच आहे. फक्त त्याला एवढं जास्तीचं सांगा, "पुढच्याला देईपर्यंत धुऊन ठेव रे बाबा!"

काका, या वर्षी दोन लोकरी कोट आम्ही घेऊन आलोय. तुमचे नाहीत ते, पण मापाला तेच आहेत. पहिल्या खोक्यात ते तुम्हीच टाकावेत, अशी विनंती आहे.

जेवण तयार आहे.