आभार आधी, शांती मागाहून



ख्रिस्ती घरात जेवणापूर्वी देवाचे आभार मानण्याची चाल आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. वरवर पाहता हा एक शिष्टाचार वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक निराळा क्रम आहे. आपण सामान्यतः असे धरून चालतो, की आधी मनाला स्वास्थ्य लाभावे, मग कृतज्ञता आपोआप उपजेल. ख्रिस्ती परंपरेने हा क्रम नेमका उलटा लावला.

फिलिप्पै येथील मंडळीला पौलाने पत्र लिहिले ते बंदिवासातून. चिंता सोडून आपले मागणे देवापुढे मांडा, पण आभारासह मांडा, असे तो सांगतो. शांतीचे आश्वासन त्यानंतर येते. ती शांती मनाचे रक्षण करील असे तो म्हणतो, तेव्हा त्याने योजलेला ग्रीक शब्द लष्करी पहाऱ्याचा आहे. स्वतः पहाऱ्यात असलेल्या माणसाने हीच उपमा निवडावी, यात मला मोठी मौज वाटते.

कोणी म्हणेल, हे ग्रंथात ठीक! म्हणून एका गावची हकीकत सांगतो.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात आयलेनबुर्ग हे तटबंदीचे गाव. मार्टिन रिंकार्ट तेथलाच. १५८६ साली जन्मला आणि १६१७ साली धर्मोपदेशक होऊन गावी परतला. पुढच्याच वर्षी तीस वर्षांचे युद्ध पेटले. तट आहे म्हणून आसपासची माणसे जिवाच्या भीतीने गावात शिरली, आणि दाटीबरोबर रोगराईही आली. १६३७ साली प्लेगने कहर केला. रिंकार्टचे सहकारी धर्मोपदेशक कोणी गाव सोडून गेले, कोणी दगावले; उरला तो एकटा. कित्येक दिवशी चाळीस-पन्नास प्रेतांचा अंत्यविधी त्याला करावा लागे. वर्षभरात ही संख्या चार हजारांवर गेली. त्यांत त्याची स्वतःची पत्नीही होती. प्लेगच्या पाठोपाठ दुष्काळ आला.

याच रिंकार्टने एक आभारगीत लिहिले, आणि ते आजही जगभरच्या चर्चमधून गाइले जाते. १६४८ च्या तहाचा आनंद म्हणून ते रचले गेले, असा एक समज आहे. समज स्वाभाविक आहे. युद्ध संपले, मग आभार मानले, हे आपल्या बुद्धीला पटते. पण ते गीत १६३६ च्या सुमाराचे, म्हणजे तहाच्या बारा वर्षे आधीचे आहे; आणि ते लिहिले गेले ते जेवणाच्या वेळची एक लहानशी प्रार्थना म्हणून! पहिल्या कडव्यात तो आभार मानतो आणि दुसऱ्यात शांती मागतो. पौलाचाच क्रम.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. भुकेल्याला ‘जे आहे त्यात समाधान मान’ असे पोट भरलेल्याने सांगणे ही कृतज्ञतेची शिकवण नव्हे. ती निव्वळ सोय आहे. बायबलमधील स्तोत्रे उघडून पाहा. त्यांत देवाजवळ केलेल्या तक्रारी भरपूर आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला आभाराचा शेवट नाही. ते कोणी गाळले नाही. आभार मानणाऱ्याला रडण्याची मनाई नाही, आणि प्लेगबद्दल आभार मानावेत असेही कोणी म्हणत नाही.

मग आभार कशाचे? आपला ‘कृतज्ञ’ हा शब्दच याचे उत्तर देतो. केलेले जाणणारा तो कृतज्ञ. ही आधी जाणीव आहे, भावना मागाहून. मन खवळलेले असतानाही, समोरची भाकरी कोणीतरी दिली आहे एवढे माणूस जाणू शकतो. ज्या रात्री धरून दिला गेला, त्याच रात्री येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले. प्रभुभोजनाला ग्रीक भाषेत जे नाव पडले, त्याचा अर्थच मुळी आभारप्रदर्शन असा आहे.

तह झाल्यानंतर रिंकार्ट जेमतेम वर्षभर जगला. ८ डिसेंबर १६४९ रोजी तो आयलेनबुर्ग येथेच वारला. ताटावरची ती प्रार्थना मात्र तोवर गावाची वेस ओलांडून गेली होती.