जनरेटरची वही

(देणगीदारांच्या मेळाव्यातील भाषण)



वसतिगृहाच्या कामाविषयी बोला, असे मला सांगितले आहे. मी आपल्या जनरेटरविषयी बोलणार आहे. ईश्वरज्ञानाच्या पदविकेत कार्बोरेटर हा विषय नव्हता, तेव्हा चूकभूल पोटात घाला.

धडगाव तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर पावसाळ्यात वीज गेली की कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून तुमच्या देणगीतून २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. गेल्या आषाढात एका रात्री सहावीतल्या मुलीला दम्याचा जोराचा झटका आला. नेब्युलायझर होता, औषध होते, वीज नव्हती. आमच्या चौकीदार काकांनी जनरेटरची दोरी वीस-पंचवीस वेळा ओढली. मशीन नुसते फुरफुरले. शेवटी जीपमध्ये घालून तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. वाटेतल्या ओढ्याला पाणी होते. देवाच्या कृपेने ती बरी झाली, पण त्या रस्त्यावरचा तिचा श्वास अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला. चार महिने पडून राहिलेले पेट्रोल आटून तळाशी वार्निशासारखा चिकट थर बसला होता आणि जेटचे बारीक भोक बुजले होते. दोष मशीनचा नव्हता, माझा होता. मार्चमध्ये ते ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचे आणि टाकी रिकामी करायची, एवढेच काम होते. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओलावा ओढून घेते. आमच्याकडच्या पावसात तर विचारूच नका.

पहिले ऑइल २० तासांनी बदलायचे, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, हे माहितीपुस्तिकेत छापलेले होते. पुस्तिका आम्ही कपाटात जपून ठेवली होती!

आता एक वही आहे. महिन्यातून एकदा जनरेटर बाहेर काढून, दिवे-पंखे जोडून पंधरा मिनिटे चालवतो. त्याआधी सपाट जागेवर ठेवून ऑइलची पातळी बघतो. एअर फिल्टरचा स्पंज मोठ्या मुली साबणाच्या पाण्यात धुतात, पूर्ण वाळवतात, थोडे ऑइल लावून पिळून बसवतात. उन्हाळ्यात धुळीमुळे हे लवकर-लवकर करावे लागते. स्पार्क प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी, ती काका बघतात. पेट्रोल भरायचे ते इंजिन गार झाल्यावरच.

पाऊस लागला की जनरेटर व्हरांड्यात आणायचा मोह होतो. तिथे मी कोणाचेही ऐकत नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आत मुले झोपलेली असतात. खिडक्यांपासून लांब, वर पत्रा आणि बाजू उघड्या, अशी वेगळी जागा केली आहे.

एक गोष्ट संकोच न करता मागते. मशीनवर देणगीदारांचे नाव सुबक रंगवलेले आहे. ऑइलच्या डब्यावर, प्लगवर, मेकॅनिकच्या फेरीवर कोणाचे नाव घालता येत नाही, म्हणून त्यासाठी पैसे येत नाहीत. यंदा देणगी देताना थोडी रक्कम 'देखभाल' म्हणून लिहा.

ती मुलगी आता सातवीत आहे. हिशेबाची वही तिच्याकडेच आहे. येताना आणली आहे, बाहेर टेबलावर ठेवली आहे. चहा घेताना जरूर बघा.