चिटणिशीचे ब्रीद



घाटकोपरहून मुलुंडकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विक्रोळीला. येथील गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र तयार केले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने आपले यंत्र आपण घडवावे, याचे त्या काळी मोठे अप्रूप होते. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी कंपनी वर्षाला सुमारे पन्नास हजार यंत्रे तयार करीत असे. पुढे संगणक आला, मागणी ओसरली आणि २००९ साली हे उत्पादन थांबले. एका पिढीच्या रोजीरोटीचा आवाज त्याबरोबर शांत झाला.

बोरिवली असो वा मुलुंड, स्थानकालगतच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर टंकलेखनाचा वर्ग असे. दहावीची परीक्षा संपली की मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींना ‘टायपिंगला घालण्याची’ रीत होती. मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द हे प्रमाणपत्र हाती आले की नोकरीचे दार किलकिले होई. लघुलेखनाचा वेग शंभर-एकशेवीसपर्यंत नेला तर साहेबांच्या दालनाशेजारची खुर्ची मिळे. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी ३० आणि ४० शब्दांची ही अट आजही आहे. मात्र वेगाची ती किंमत आता उरलेली नाही.

संगणक आला तेव्हा कार्यालयांत दोन प्रकारची माणसे होती. काहींचे सारे भांडवल बोटांच्या वेगात होते. साहेब स्वतःच पत्रे टंकित करू लागले तशी त्यांची गरज संपली. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना पत्र कोणाला, कशासाठी आणि कोणत्या मागील संदर्भाने जात आहे, हे ठाऊक असे. यंत्र बदलल्यावर तीच माणसे अधिक मोलाची ठरली. आज अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी साहाय्यक पुन्हा त्याच वळणावर उभी आहे. पत्राचा मसुदा, बैठकीचे इतिवृत्त, लांबलचक अहवालाचा गोषवारा कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत समोर ठेवते. ‘मग आपले काय?’ हा तिचा प्रश्न घर चालवणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. केवळ धीराचे शब्द देऊन तो सुटणारा नाही.

त्याच्या उत्तरासाठी आपल्याच इतिहासात डोकावले पाहिजे. मराठी मुलखात या व्यवसायाला ‘चिटणिशी’ असे भारदस्त नाव होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक कथा परंपरेने सांगितली जाते. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले होते. कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी पत्र वाचण्याची आज्ञा केली, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण पत्र अस्खलित ‘वाचले’. मशाल धरणाऱ्या सेवकाला हसू आवरले नाही आणि गोष्ट उघडकीस आली. महाराज रागावले नाहीत. त्यांना कौतुकच वाटले.

ही कथा हजरजबाबीपणाची म्हणून सांगितली जाते. तिचे मर्म त्याहून खोल आहे. धन्याच्या मनात काय आहे, समोरचा कोण आहे, राज्याचे हित कशात आहे, हे बाळाजींना इतके पक्के ठाऊक होते की कागदावर उतरण्यापूर्वीच पत्र त्यांच्या ठायी सिद्ध होते. लेखणी केवळ साधन होती. अष्टप्रधानांतील पद देऊ केले असताही त्यांनी चिटणिशीच मागून घेतली, असेही परंपरा सांगते. आपले काम दुय्यम आहे, ही भावना त्यांच्या मनाला शिवली नाही.

या आदर्शातून आजच्या साहाय्यकाला चार गोष्टी घेता येतील. पहिली, भाषा. इंग्रजी हवीच, परंतु शुद्ध, नेमके मराठी पत्र लिहू शकणारी माणसे कार्यालयांत विरळ होत चालली आहेत आणि राज्य शासनाशी पत्रव्यवहार करावयाचा तर मराठीवाचून गत्यंतर नाही. युनिकोडमध्ये सफाईने टंकलेखन करता आले, तर जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होण्याचा त्रासही टळतो.

दुसरी, नोंद. आवक-जावक नोंदवही हे कंटाळवाणे काम वाटते; पण ती संस्थेची स्मृती असते. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्यानुसार अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. शासकीय कर्मचाऱ्याने कोणतीही नस्ती सात कार्यदिवसांहून अधिक काळ आपल्याकडे प्रलंबित ठेवू नये, असे त्याच वर्षीचा महाराष्ट्राचा विलंब-प्रतिबंधक कायदा सांगतो. कागद वेळेवर सापडला नाही तर एखाद्या वृद्धाचे निवृत्तिवेतन अडते, एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश हुकतो. नस्ती नीट लावणे ही समाजसेवाच आहे.

तिसरी, गोपनीयता. साहेबांच्या दालनातील गोष्ट लोकलच्या डब्यात पोहोचता कामा नये. आज याला नवा अर्थ आला आहे. वेतनपत्रके, निविदा, ग्राहकांची माहिती बाहेरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती विनापरवानगी देणे, म्हणजे खलिता वाटेतच फोडून वाचायला देण्यासारखे आहे. यंत्राने दिलेल्या मसुद्यातील तारीख, रक्कम आणि नाव मूळ कागदाशी ताडून पाहणे, हेही साहाय्यकाचेच कर्तव्य. चूक यंत्राची असली तरी पत्र जाते ते संस्थेच्या नावाने.

चौथी गोष्ट तारतम्य. कोणता दूरध्वनी ताबडतोब जोडावा, रागाच्या भरात सांगितलेले पत्र पाठवण्यापूर्वी ‘साहेब, सकाळी एकदा पाहावे का?’ असे केव्हा विचारावे, हे कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. ते माणसे ओळखण्यातून आणि निष्ठेतून येते. निष्ठा म्हणजे होयबा होणे नव्हे, हेही तितकेच खरे.

व्यावसायिक उन्नतीचा पाया व्यक्तिगत उन्नतीत असतो. बोरिवलीहून पहाटे निघून रात्री परतणाऱ्या गृहिणीला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे सांगणे सोपे आहे. तिच्या हाती प्रवासाचा तास-दीड तास असतो, आणि जागा मिळाली तर त्यातही वाचन होते. शिक्षण अर्धवट राहिले असेल, तर १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. विलेपार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या १९२३पासून कार्यरत असलेल्या संस्था ग्रंथ आणि सत्संगती दोन्ही देतात. स्वाभिमानाच्या रक्षणासाठी कायदाही पाठीशी आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीच्या सदस्यांची नावे प्रत्येक भगिनीने माहीत करून घ्यावीत.

एक शब्द अधिकाऱ्यांसाठीही आवश्यक आहे. बाळाजी घडले, कारण गुण ओळखणारे महाराज होते. साहाय्यकाला केवळ हुकूम न देता कामामागील हेतू सांगितला, बैठकीत तिचे मत विचारले, चांगल्या मसुद्याचे श्रेय तिला दिले, तरच तिच्यातील चिटणीस जागा होईल. जी माणसाला यंत्रासारखे वागवते, त्या संस्थेला एक दिवस यंत्रच पुरेसे वाटू लागते. आणि मग अडचणीच्या वेळी मागचा संदर्भ सांगणारे कोणी उरत नाही.

विक्रोळीचे यंत्र थांबले, पण त्यावर बसून संस्थेचे मन वाचायला शिकलेली माणसे थांबली नाहीत. उद्या आजची साधनेही जुनी होतील. कोरा कागद हाती आला तरी ज्याच्या मनात पत्र सिद्ध असते, त्याला साधन बदलल्याचे भय नसते. ती सिद्धता रोजच्या कामातून, एकेका कागदागणिक मिळवावी लागते.