एका कॅलेंडरात दोन ईद

बी.ए.ला माझा विषय अर्थशास्त्र होता. मागणी-पुरवठा, घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त, सगळं पाठ करून मी दुसऱ्या वर्गात पास झाले. त्याचा संसारात काडीचा उपयोग झाला नाही. घरखर्चाचं अर्थशास्त्र मला शिकवलं ते आमच्या शेजारच्या सिस्टरनी, 2000 सालच्या डिसेंबरात.

ते वर्षच विचित्र होतं. आमचं वर्ष चंद्राचं, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. त्या साली रमजान ईद जानेवारीत होऊन गेली आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली. एका कॅलेंडरात दोन ईद! असा योग आता 2033 साली येईल. मुलांना केवढी मौज वाटली. पण ईद दोन आल्या म्हणून पगार काही तेरा होत नाहीत. शिवाय बोनस मिळतो दिवाळीला आणि ईद पडते कुठेही. जूनमध्ये पडली तर वह्या-पुस्तकांशी भांडते, मार्चमध्ये पडली तर परीक्षेशी. हे तेव्हा छापखान्यात कामाला होते. खिळे जुळवायचे दिवस संपून संगणक आला होता, आणि कामाबरोबर पगारही आखडला होता.

आम्ही नगरला राहत होतो. आता अहिल्यानगर म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. हे लक्ष्मीबाई टिळकांचं गाव. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, की रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे आणि चूल मात्र बाईंना पेटती ठेवावी लागे. सिस्टरनी ते पुस्तक वाचलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण त्या त्याच वाणाच्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स, नवरा गेलेला, दोन मुलगे शाळेत. वाड्यात आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीत खिळा कुणी ठोकायचा यावरून आमची ओळख झालेली.

दिवाळी झाली तशा त्या म्हणाल्या, “अगं, यंदा तुझा नि माझा सण एकाच आठवड्यात आहे. वेगवेगळा बाजार कशाला करायचा?” मग आम्ही दोघींनी मिळून मैदा, साखर, रवा, डालडा घाऊक दुकानातून आणला. कापडबाजारातून एका चौकड्याच्या कापडाचा अख्खा तागा घेतला. तिघा पोरांचे शर्ट, माझ्या लेकीचा फ्रॉक आणि उरलेल्याचे दोन उशांचे अभ्रे. शिलाई सिस्टरच्या मशीनवर, काजं-बटणं माझ्याकडे. घाईत कापड भिजवून आटवायचं तेवढं राहिलं. त्यांच्या मुलांनी नाताळच्या आदल्या रविवारी हट्टानं शर्ट घातले, धुतले, आणि वाळून आले ते बेंबीच्या वर! नाताळच्या सकाळी दोघे जण प्रार्थनेभर शर्ट खाली ओढत बसले होते म्हणे. आम्ही शहाणे झालो. ईद होऊन चार दिवस झाले तरी माझ्या मुलाच्या शर्टाला पाणी लागू दिलं नाही.

आकाशकंदिलाची गोष्ट तर वाड्यात पुढे कित्येक वर्षं सांगितली जायची. दिवाळीनंतर कंदील निम्म्या किमतीत मिळतात हे सिस्टरनी हेरलं होतं. त्यांनी लाल कागदाची झकास चांदणी आणून ठेवली. डिसेंबरात ती उघडून बघतो तर एका बाजूवर सोनेरी अक्षरांत ‘शुभ दीपावली’. आता काय करायचं? ती बाजू भिंतीकडे करून टांगली. पण डिसेंबरचं नगरचं वारं! चांदणी गिरकी घेई आणि दर पाच मिनिटांनी रस्त्याला दिवाळीच्या शुभेच्छा देई. नाताळची गाणी म्हणत फिरणारी मंडळी रात्री दारात आली आणि त्यांना पहिल्या कडव्यातच हसू फुटलं.

फराळाला मी मदतीला बसायची. माझे रोजे चालू. करंज्या तळून तळून डबा भरला, मोजल्या तर एकही कमी नाही. सिस्टर म्हणाल्या, “रोजेदार बाई तळायला बसवावी, याच्यासारखी बचत नाही.” फक्त चकलीत मीठ किती पडलं हे कुणी चाखायचं? पोरं शाळेत, सिस्टरना सर्दी. ती पहिली परात इतकी खारट झाली, की उरलेलं पीठ दुप्पट करून तिच्यात कुस्करून मिसळायचा प्रयत्न केला आणि दोन्ही घालवलं. माझी नानकटाई आणि त्यांचा केक मात्र बेकरीच्या भट्टीत एकाच खेपेला भाजून आणला, तेवढी हमाली वाचली.

चोवीस तारखेला सिस्टर ताटांची यादी करायला बसल्या. सव्वीस घरं. मी म्हटलं, “सिस्टर, एवढी? निम्मी कमी करा की.” त्या मान वर न करता म्हणाल्या, “लाडू लहान वळलेत मी. घरं तेवढीच राहतील.”

मला ते पटलं नाही. फित्र्यात आमच्याकडे काटछाट चालत नाही. घरातल्या माणशी, पाळण्यातल्या पोराचेसुद्धा, दोन किलोंच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या हाती पडावी लागते. तो मी आधीच बाजूला काढून ठेवला होता. पण शिरखुर्म्याच्या वाट्यांना कुठे हिशेब आहे? शिरखुर्मा म्हणजे दूध आणि खजूर, पण त्यात चारोळी, पिस्ता, बदाम नसले तर आमच्या अम्मी त्याला खीर म्हणायच्या. सुक्या मेव्याचे भाव बघून मी वाट्या कमी केल्या. पाच घरं गाळली. त्यात समोरचे गुरुजी होते. निवृत्त, एकटे राहणारे, त्यात मधुमेह. मनाशी म्हटलं, त्यांना गोड चालतच नाही, आपण त्यांच्या तब्येतीचीच काळजी घेतोय.

ईदच्या तिसऱ्या दिवशी नळावर गुरुजी भेटले. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “ताई, यंदा ईद झाली नाही का तुमच्याकडे?”

मी काय उत्तर दिलं, मला आठवत नाही. काहीतरी खोटं बोलले असेन. घरात जाऊन पातेलं बघितलं, तर तळाशी एक वाटी उरलेली होती आणि ती आंबून गेली होती. त्या रात्री मी सिस्टरना सांगितलं. त्या ड्यूटीवर निघाल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. टोपी पिशवीत घातली आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या.

2001 साली ईद नाताळच्या आठवडाभर आधी आली. पैशांची ओढ तशीच होती, उलट थोडी जास्तच. मेवा निम्मा घेतला, बदामाचे काप इतके बारीक केले की दिव्याकडे धरले तर आरपार दिसावं, दूध वाढवलं, आणि पहिली वाटी झाकून गुरुजींकडे स्वतः नेली. त्यांनी दोन चमचे खाल्ले, तिसरा घ्यावा की नाही याचा विचार केला आणि घेतला.

“दूध जरा जास्त झालंय,” ते म्हणाले.